मागच्या सीटवरचं निळं कव्हर

अकोला, जठारपेठ
दि. ७ जानेवारी २०२५

तीर्थरूप मैनाबाईस,
धाकट्या भगवंताचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

धर्मपालच्या हाती पाठवलेल्या तुरीच्या शेंगा पोचल्या. माझा हा जुना कंडक्टर अजून अकोला-अमरावती फेरीवर आहे, म्हणून आपली पत्रं दुसऱ्या दिवशी पोचतात. हेही त्याच्याच हाती देतो आहे. तुला फोन करून उपयोग नाही. तुला ऐकू येत नाही, आणि ऐकायचं मशीन तू फडताळात लोणच्याच्या बरणीमागे ठेवून दिलं आहेस हे मला पक्कं ठाऊक आहे.

विषय आपल्या आचलचा. माझ्या एकुलत्या एक लेकीला सातवा महिना लागला. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी, आणि लेकीला आणायचं ते सातव्यात. आठव्यात ती वेस ओलांडत नाही. म्हणजे तीन फेब्रुवारीच्या आत तिला धारणीहून अकोल्याला आणलं पाहिजे. कौशल्या असती तर तिनं आतापर्यंत दहा पिशव्या भरल्या असत्या. तिला जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हा आता आचलचं माहेर म्हणजे मी एकटा. मी गाडी धुतली, चाकात हवा भरली. जाताना अमरावतीहून तुला घ्यायचं ठरवलं, कारण बाईमाणूस सोबत हवं. आणि काल लेकीचा निरोप आला की बाबा, मागच्या सीटचे पट्टे आधी लागतील असे करा, नाहीतर मी तुमच्या गाडीत पाय ठेवणार नाही.

तू गाडी पाहिली आहेस. मागच्या सीटला कौशल्यानं शिवलेलं निळं कव्हर आहे, पिवळ्या गोटाचं. पट्टे बाजूला लोंबतात, पण ते ज्या लॉकमध्ये खटकन बसवायचे ती लॉकं कव्हराखाली गेली आहेत. कव्हर कापल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. दिवाळीत आचल आली होती तेव्हा मागे बसून बोटांनी कव्हर चाचपत होती. मला वाटलं, आईची शिलाई कुरवाळते आहे. आता कळलं की बाईसाहेब लॉकं शोधत होत्या!

बाई, मी एकतीस वर्षं एस.टी. चालवली. मेळघाटाच्या घाटात, धुक्यात, पावसात. एक ओरखडा नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला माझ्या कपाटात आहे. हरिसालच्या बाया उतरताना माझ्या स्टेअरिंगला हात लावून कपाळाला लावायच्या. त्या बसमध्ये पन्नास-साठ माणसं, दोन बोकड आणि टपावर पोती. कुणाला होता पट्टा? तेव्हा सरकार काय झोपलं होतं? आणि आज माझ्याच गाडीत माझी लेक पट्टा मागते. चाक माझ्या हातात असताना पट्टा बांधायचा, म्हणजे माझ्या तोंडावर सांगायचं की तुमचा भरोसा नाही. हा अपमान मी सासऱ्याकडूनही ऐकून घेतला नसता.

माझ्या स्वतःच्या सीटचं म्हणशील तर गाडी पट्ट्यासाठी टुंग टुंग करायची. दुकानदारानं पट्ट्याच्या टोकासारखी एक खोटी जीभ दिली, ती लॉकमध्ये खुपसली, गाडी गप्प. दोनदा पोलिसांनी दंड केला. दोन्ही पावत्या मी छापून आणून बैठकीत, दारासमोरच्या भिंतीवर चिकटवल्या आहेत. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे. आधी रस्त्यावरचे खड्डे बुजवा, मग माझ्या छातीवर पट्टा आवळा. माझी गाडी, माझा जीव, माझी मर्जी.

तेव्हा तू तिला दोन शब्द लिही. तुझं ती ऐकते. मी तिला न्यायला संक्रांतीनंतर निघतो म्हणून कळव. शेंगांचे सोले काढून वांग्यात घातले होते, पण तुझ्या हातची चव आली नाही.

लहानांस आशीर्वाद सांगायला तुझ्या घरी कुणी नाही, म्हणून तुळशीला सांग. लोभ आहेच, तो जुन्या लोणच्यासारखा मुरू दे.

तुझा,
भगवंत

————

अमरावती
दि. ९ जानेवारी २०२५

चि. भगवंतास,
मैनाबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र धर्मपालनं हाती दिलं आणि तिथंच उभा राहिला. म्हणे, काकाजी लई तापून राहिले, उत्तर लगेच द्या. मी त्याला चहा पाजला आणि सांगितलं, तापलेल्या माणसाला लगेच उत्तर देऊ नये. म्हणून एक रात्र जाऊ देऊन लिहिते आहे.

मी आचलला लिहिणार नाही. लिहिलं तर तिच्या बाजूनं लिहीन, आणि ते तुला सोसणार नाही. तू सरकारशी भांड, खड्ड्यांशी भांड. तुझं खड्ड्यांचं म्हणणं मला पटतं, परतवाड्याच्या रस्त्यावर माझ्या कमरेचे दोन मणके तेच सांगतात. पण भगवंता, खड्डे सरकारचे असले तरी मान आपली आहे. आणि बिल्ला तुला मिळाला आहे, समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला नाही.

माझ्या मशीनचं काय काढलंस? माझे कान माझे आहेत. ते मशीन घातलं की कुकरची शिट्टी कानात शिरते आणि शेजारणीचं बोलणंही, आणि मला दोन्ही नकोत. माझ्या न ऐकण्यानं कुणाची मान मोडत नाही. म्हणून माझी मर्जी आणि तुझी मर्जी एका तागडीत घालू नकोस.

तुला एक विचारते. कव्हराला तीन ठिकाणी चार-चार बोटं कापायला कितीसा वेळ लागतो? तुझा तो मित्र नबीभाई सीट कव्हरचाच धंदा करतो. त्याच्याकडे गेलास तर चहा होईपर्यंत काम होईल. एवढ्याशा कामासाठी तू चार पानं लिहिलीस, तेव्हा पाणी कुठेतरी दुसरीकडेच मुरतं आहे. सांगावंसं वाटलं तर सांग.

सोल्यांच्या भाजीत लसूण ठेचून घालायचा असतो, चिरून नाही. तब्येतीला जप, आणि मोठ्या बहिणीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
बाई

————

धारणी
दि. १३ जानेवारी २०२५

तीर्थरूप बाबांस,
आचलचा साष्टांग नमस्कार.

उद्या संक्रांत. तिळगूळ सोबत पाठवते आहे. गोड बोलायचा सण आहे, पण हे पत्र गोड नाही, आधीच सांगून ठेवते. फोनवर तुम्ही चिडून ठेवून देता. पत्र ठेवून देता येतं, पण ते पुन्हा हाती लागतं, म्हणून लिहिते आहे.

मला तुमच्या हाताबद्दल शंका नाही. मी लहानपणी तुमच्या बसच्या बॉनेटवर बसून चिखलदऱ्याला गेले आहे आणि त्या वळणांवर मला कधी भीती वाटली नाही. पण मेळघाटातला रानगवा काही लायसन्स काढून रस्त्यावर येत नाही, बाबा. बसमध्ये पट्टा नव्हता हे खरं. शेजारच्या घराला कडी नाही म्हणून आपण आपली कडी काढून ठेवायची का?

तुम्ही म्हणता, माझा जीव, माझी मर्जी. मग ऐका. गेल्या पावसाळ्यात आमच्या दवाखान्यात एक गुरुजी आणि त्यांची बायको आणली. त्यांची गाडी सेमाडोहच्या पुढे झाडाला धडकली होती. गुरुजी पुढे बसले होते, त्यांनी पट्टा लावला होता. बाई मागे होत्या, त्यांनी लावला नव्हता. मागे कोण लावतं? धडक बसली तशा बाई उडून गुरुजींच्या सीटवर आदळल्या. बाई वाचल्या. गुरुजींची मान मोडली, आणि ती झाडानं नाही मोडली. मी त्यांच्या हाताला पट्टी बांधत होते आणि त्या मला एकच विचारत होत्या, मीनंच मारलं का बाई माह्या माणसाले? मी नर्स आहे, माझं काम पट्टीपुरतं होतं. पट्टी बांधून झाली तरी मी त्यांचा हात धरून बसले.

आता विचार करा. धारणीहून निघताना मी कुठे बसणार? तुमच्या मागे. माझं वजन या महिन्यात एकाहत्तर किलो आहे. मला माझ्या पोटाची काळजी आहेच, पण त्याहून जास्त मला तुमच्या मानेची आहे. मला एकच बाप उरला आहे.

पट्ट्यानं पोट आवळेल असं तुम्ही तुमच्या जावयाला, नितेशला म्हणालात. पट्टा पोटावरून जातच नाही. खालचा पोटाखालून, मांड्यांवरून जातो आणि वरचा छातीच्या मधून. हे मी इथल्या बायांना आठवड्यातून दोनदा शिकवते. स्वतःच्या बापाला शिकवायला मला लाज वाटत नाही.

तेव्हा माझी अट तीच आहे. मागची लॉकं बाहेर आली पाहिजेत आणि तुमच्या सीटची ती खोटी जीभ फेकली पाहिजे. दोन्ही झालं तर मी आनंदानं येते. झालं नाही तर मी येत नाही, मग आठवा लागो की नववा. हट्टी म्हणा हवं तर. तो गुण मी काही सासरहून आणलेला नाही.

नितेशचा नमस्कार. मला अकोल्याला यायचं आहे बाबा, आईच्या खोलीत. म्हणून तर एवढं भांडते आहे. तुमच्या रागासकट तुमची माया हवी असलेली,

तुमची,
आचल

————

अकोला
दि. १६ जानेवारी २०२५

चि. सौ. आचल हिस,
अनेक आशीर्वाद.

तिळगूळ मिळाला. अटीही वाचल्या.

गुरुजींचं वाचून वाईट वाटलं. पण त्या गाडीचं चाक माझ्या हातात नव्हतं.

ते कव्हर आहे तसंच राहील. त्याला कात्री लागणार नाही. पोलिसानं सांगितलं म्हणून नाही, कायद्यानं सांगितलं म्हणून नाही आणि तू सांगितलंस म्हणूनही नाही. माझ्या गाडीत बसायचं तर ती आहे तशी बसायला हवी. तुला तशी चालत नसेल तर येऊ नकोस. नितेशरावांना म्हणावं, तिकडेच काय ती सोय करा.

प्रकृतीस जप.

तुझा,
बाबा

————

अमरावती
दि. २० जानेवारी २०२५

भगवंता,

आज चिरंजीव लिहिलं नाही आणि आशीर्वादही लिहिले नाहीत. ते तुला सदाचेच आहेत, पण आज कागदावर उतरायला तयार नाहीत. आचलनं तुझं पत्र मला पाठवलं. सोबत तिचा एकही शब्द नव्हता, फक्त तुझा कागद. सातवा महिना लागलेल्या पोरीला, आई नसलेल्या पोरीला, बाप लिहितो येऊ नकोस! तुझा हात कसा झाला रे?

माझा निर्णय ऐक. गुरुवारी, तीस तारखेला, मी सकाळच्या एस.टी.नं धारणीला जाते आणि तिला इथे, माझ्या घरी घेऊन येते. बाळंतपण अमरावतीला होईल. आत्याचं घर माहेरच असतं. तू बारशाला ये, पाहुण्यासारखा. आता तू लगेच लिहिशील की एस.टी.त कुठे पट्टे आहेत. नाहीत, मला दिसतं, मी बहिरी आहे, आंधळी नाही. पण त्या बसच्या ड्रायव्हरनं तिला येऊ नकोस असं लिहिलेलं नाही.

आणि आता मी जे लिहिते ते शांतपणे वाच. मी तुला तू रांगत होतास तेव्हापासून ओळखते. तुला रडू आलं की तू भांडण काढतोस. आपले बाबा गेले तेव्हा तेरवीच्या दिवशी तू आचाऱ्याच्या अंगावर धावून गेला होतास, वरणात मीठ जास्त झालं म्हणून. मीठ बरोबर होतं. आजही तसंच आहे. हे सरकार, हे खड्डे, तो बिल्ला, त्या भिंतीवरच्या पावत्या, यातलं काहीच खरं नाही. तुला कौशल्याच्या शिवणीला कात्री लावायची नाही, एवढंच खरं आहे.

एवढं सरळ लिहायला काय झालं होतं? बाबासाठी लेक भांडते आहे आणि बायकोसाठी बाप भांडतो आहे, आणि दोघंही एकमेकांना कायदा शिकवताहेत. तिला एका ओळीनं कळवलं असतंस की बाळा, हे तुझ्या आईचं शेवटचं काम आहे, माझा हात धजत नाही, तर त्या पोरीनं स्वतः मार्ग काढला असता. पण नाही. तुला त्यापेक्षा सगळ्या महाराष्ट्र सरकारशी लढणं सोपं वाटतं.

गुरुवारपर्यंत तुझ्याकडे दहा दिवस आहेत. नंतर मी बसमध्ये असेन. माया तुटत नाही म्हणूनच एवढं लिहिलं.

बाई

————

अकोला
दि. २६ जानेवारी २०२५

तीर्थरूप मैनाबाईस,
भगवंताचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

तुझं पत्र वाचून पहिले दोन दिवस मी तुझ्याशीही भांडलो, मनातल्या मनात. तिसऱ्या दिवशी भांडायला काही उरलं नाही. मीठ बरोबर होतं, हे मलाही तेव्हा ठाऊक होतं.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. गाडी घेतली आणि चार महिन्यांत लॉकडाऊन लागलं. कौशल्याकडे ब्लाउजं शिवायला येईनात, मशीन रिकामं. नबीभाईचं दुकान बंद होईपर्यंत तो मला रेक्झिनचं कव्हर घ्या म्हणून मागे लागला होता. कौशल्या म्हणाली, माह्या घरात मशीन असताना बाहेरून कव्हर काहून? जाड निळं कापड घरात पडलेलं होतं. मला कापडाचं काही कळत नाही, पण ती दहा दिवस ओट्यावर बसून ते शिवत होती हे आठवतं. मधूनच गाडीत जाऊन मोजमाप घ्यायची. गाडीसोबत जे पुस्तक येतं ते मी कधी उघडलं नाही. ती सातवी शिकलेली, पण तिनं त्यातली लॉकांची चित्रं नीट पाहून ठेवली होती.

कव्हर घालून झालं तेव्हा मी पाहिलं, तर मागच्या सीटला तीन फटी. तिनं तिथे हातानं काज केले होते. शर्टाला असतात तसेच, पण मोठे, हाताची चार बोटं जातील एवढे, आणि त्यांतून तिन्ही लॉकं बाहेर आली होती. तू तिचे काज पाहिले आहेस, अकोल्यात तसे कुणी करत नव्हतं. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, नव्या कव्हराला भोकं? लोक म्हणतील गाडीत उंदीर लागले. बुजवून टाक. मागे बसणारा पट्टा लावतो का कधी?

ती म्हणाली, बरं. कव्हर काढून घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत काज बंद झाले होते, लॉकं खाली गेली होती आणि सीट सपाट. मी हात फिरवून म्हणालो, आता कसं छान दिसतं. मला वाटलं मी जिंकलो. तिचं ते बरं मला उभ्या संसारात कधी कळलं नाही, बाई.

ती गेली. मी तिची एक साडी तुला दिली, एक आचलला दिली, मशीन आचलच्या मैत्रिणीला दिलं. कव्हर तेवढं गाडीत राहिलं. त्यावर कुणी चहा सांडला तर मी घरी येऊन स्वतः धुतो. त्या कव्हराला कात्री लावायची म्हटलं की मी कात्री उचलून परत खणात ठेवतो. आणि दुसरंही एक. कात्री लावायची म्हणजे मान्य करायचं की ती बरोबर होती आणि मी तिला बुजवायला लावलं. पोलिसाला हरवता येतं. मेलेल्या बायकोला काय सांगणार?

आज झेंडावंदन करून आलो आणि तसाच गाडी घेऊन नबीभाईकडे गेलो. सुट्टीचा दिवस, पण तो दुकानातच राहतो. त्याला म्हणालो, तीन ठिकाणी कापून दे, आणि मी बाहेर जाऊन उभा राहतो, मला पाहायचं नाही. मी पानठेल्यापर्यंत गेलो असेन, तर त्यानं हाक मारली. त्याच्या हातात कात्री नव्हती. त्यानं कव्हर उलटं केलं होतं आणि तो आतली बाजू पाहत होता.

तो म्हणाला, भाऊ, हे कापाचं नाही. भाभीनं बुजवलंच नाही हे. मला काही समजेना. मग त्यानं माझं बोट धरून आतून दाखवलं. काज जसेच्या तसे होते, कडा वळवलेल्या, टाका टाक्याला लागून. ते नुसते जवळ आणून एका दोऱ्यानं टाचले होते. कच्चा टाका. ब्लाउज पक्कं शिवण्याआधी मापासाठी घालतात ना, तसा. वरून निळा दोरा म्हणून दिसत नव्हता. आणि आतल्या बाजूला प्रत्येक काजाशी दोऱ्याची बोटभर शेपूट सोडलेली, गाठ न मारता. बाई, कौशल्यानं आयुष्यात कधी गाठ मारायची ठेवली नाही. फाटक्या पिशवीलाही ती दोनदा गाठ मारायची.

नबीभाईनं आणखी एक सांगितलं. त्याच्याकडे येणारा प्रत्येक माणूस म्हणतो की पट्टे-लॉक दिसलं नाही पाहिजे, सीट साफ दिसली पाहिजे. तोही तसंच करून देतो, गिऱ्हाइकाची मर्जी. त्याच्या सगळ्या धंद्यात एकच बाई दुकानात टेप घेऊन आली होती, लॉक नेमकं कुठून वर येतं ते विचारायला. लॉकडाऊनच्या आधी. तिनं त्याला बजावलं होतं की यायले सांगू नोका. त्यानं पाच वर्षं सांगितलं नाही. मी त्याला शिव्या दिल्या. मग आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसलो, आणि तू म्हणतेस ते मी केलं. या खेपेला भांडण न काढता केलं.

दोरे मी स्वतः ओढले. शेपूट धरून ओढलं की सरसर येतात. तिन्ही लॉकं वर आली. कव्हराचा एक धागाही तुटला नाही. तिला माहीत होतं की मी एक दिवस येईन, आणि कात्री घेऊन येईन. दोरे मी बिल्ल्याच्या डबीत ठेवले आहेत.

माझ्या सीटची खोटी जीभ उपसून नबीभाईच्या टेबलावर ठेवली. गाडी गांधी चौकापर्यंत टुंग टुंग करत होती, मग तिथे मुकाट्यानं पट्टा लावला. एका ओळखीच्यानं हसून पाहिलं. मी काच खाली करून त्याला विचारलं, काय पाहून राहिला रे?

पण हे लिहून ठेव. कायद्याला मी अजून मानत नाही. पावत्या भिंतीवरून निघणार नाहीत, आणि खड्ड्यांवर मी भांडत राहणार. मी पट्टा लावतो तो माझ्या बायकोनं शिवून ठेवला म्हणून आणि माझ्या लेकीला एकच बाप उरला म्हणून. सरकारनं त्याचं श्रेय घेऊ नये.

आता तुझं. गुरुवारी सकाळी सहाला मी तुझ्या दारात येतो. एस.टी.नं जायचं नाही, आणि बाळंतपण अकोल्यालाच होईल, तेव्हा तूही इथेच राहायला यायचं. मागची उजवी जागा तुझी. तू लिहिलंस की तुझ्या न ऐकण्यानं कुणाची मान मोडत नाही. मोडत नाही. पण अकोल्याच्या घरात बाळ रडलं तर बाळंतिणीला उठावं लागेल, कारण तिची आत्या ऐकणार नाही. मग ती मर्जी तुझ्या एकटीची कशी? लोणच्याच्या बरणीमागून मशीन काढ आणि कानात घालून दारात उभी राहा. नाहीतर गाडीत घेणार नाही. हा माझ्या गाडीचा कायदा आहे, आणि यात दंड भरून सुटका नाही.

रागावली असशील तर उरलेला राग प्रवासात काढ. दोन्ही हात चाकावर असतील, मला पळता येणार नाही.

तुझा,
भगवंत

————

अकोला
दि. २८ जानेवारी २०२५

चि. सौ. आचल हिस,
बाबाचे अनेक आशीर्वाद, आणि एक माफी, ती आधी घे.

सोळा तारखेचं माझं पत्र तुझ्याजवळ परत आलं असेल तर चुलीत घाल. आठवून आठवून तेच वाक्य मला टोचतं.

मी आणि आत्याबाई गुरुवारी अकराच्या सुमारास पोचतो. नितेशरावांना सांग, जेवण साधं करा, आत्याबाई घरून भाकरी-ठेचा घेऊन निघणारच आहे, तिला कुणी थांबवू शकत नाही. तिच्याशी ओरडून बोलू नकोस. धर्मपालच्या हाती तिचं एका ओळीचं उत्तर आलं आहे की मशीन कानात घातलं, कुकरची शिट्टी पहिल्यासारखीच वाईट आहे, आणि भगवंताला म्हणावं सहा म्हणजे सहा.

खोटी जीभ फेकली. लॉकं बाहेर आली. तुझी जागा मागची डावी, माझ्या मागची नाही. तिथे आत्याबाई बसेल, तिचं वजन तुझ्याहून कमी आहे आणि पट्टाही लावणार आहे, तेव्हा माझ्या मानेची काळजी सोड. तू सांगितलंस तसा पोटाखालून, मांड्यांवरून लाव. मला दाखव, मीही शिकून घेतो.

तुझ्या आईची खोली झाडली आहे. खिडकीचं तावदान बदललं.

कव्हराला कात्री लागली नाही. कशी नाही, ते गाडीत बसलीस की बोटांनी चाचपून पाहा, दिवाळीत पाहत होतीस तसं. तुझ्या आईनं पाच वर्षांपूर्वी तुझ्यासाठी जागा करून ठेवली होती. बुजवायला मी सांगितलं होतं. तिनं मला हो म्हटलं आणि तुझ्यासाठी दोरा सुटा ठेवला.

गुरुवारी दारात उभी राहा. मी हॉर्न दोनदा वाजवीन, तुझ्या शाळेसमोर वाजवायचो तसा.

तुझा,
बाबा